सावित्रीकाठचे ठराव

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी लालबाग-परळच्या चाळींतून उठून गावाकडच्या एसटीत बसले. पोलादपूर आणि महाड या तालुक्यांना ती एसटी चांगलीच ओळखीची. इथल्या डोंगरांतल्या वाडीवाडीतून पिढ्यानपिढ्या माणसं गिरणगावात गेली होती. गावाची एक खोली मुंबईत असायची. त्या खोलीत गाववाले पाळीपाळीने झोपायचे, ग्रामस्थ मंडळाची वर्गणी भरायचे आणि शिमग्या-गणपतीला घरी यायचे. गावातली चूल मनीऑर्डरीवर पेटायची. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी व्हायची, पण त्यावर वर्ष निघत नसे. संप रीतसर कधी मिटलाच नाही. ज्यांच्या गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले नाहीत, ते त्या वरकस जमिनीकडेच परतले.

त्याच दशकात, पोलादपूरहून एसटीने तासाभराच्या आत, बिरवाडीच्या आसपासची भातखाचरं सपाट होत होती. जिते, आसनपोई, कांबळे, नडगाव या पट्ट्यात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहत होती. मुंबईतलं कारखान्यांचं युग ओसरत असताना, मुंबईला माणसं पुरवणाऱ्या तालुक्यांत कारखाने दाखल झाले. मात्र हे कारखाने सुताचे नव्हते, रसायनांचे होते. त्यांना लागणारी माणसं थोडी होती आणि लागणारं पाणी पुष्कळ.

महाडचं नाव देशाच्या इतिहासात पाण्यासाठीच कोरलेलं आहे. चवदार तळं ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळा. शहराच्या कडेने वाहणाऱ्या सावित्रीची हकिगत मात्र सलग कोणी सांगत नाही. पुरात ती बातमीत येते, पाऊस ओसरला की जाते. ती हकिगत सांगायची तर कारखान्यांच्याही मागे जावं लागतं. कारण त्यांच्या आधी महाडला एक वैभव येऊन गेलं होतं, आणि तेही याच नदीच्या जिवावर.

बंदर

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीची भिंत उतरून पोलादपूरच्या खोऱ्यात येते आणि महाडच्या परिसरात रायगडाच्या बाजूने येणाऱ्या काळ आणि गांधारी या नद्यांना पोटात घेते. महाडच्या खाली, दासगावकडे, तिची खाडी होते. बाणकोट-हरिहरेश्वरजवळ समुद्र गाठेपर्यंत तिच्यात रोज दोनदा भरतीचं पाणी वर चढतं आणि ओहोटीला उतरतं. या भरतीनेच महाडला बंदर बनवलं. शहरासमोरच्या डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. अशी लेणी व्यापारी वाटेच्या कडेला खोदली जात. म्हणजे ही वाट किमान अठराशे वर्षांची जुनी.

घाटावरून पारघाट आणि वरंध्याच्या वाटेने बैलांचे तांडे उतरायचे. खाली येताना धान्य, गूळ, तूप. वर जाताना मीठ, नारळ, सुकी मासळी. रायगड राजधानी झाला तेव्हा महाड ही गडाखालची बाजारपेठ होती. पेशवाईच्या पडत्या काळात तर पुण्याच्या राजकारणातून पळ काढणाऱ्यांचं ते ठरलेलं ठिकाणच झालं. १७९६ साली नाना फडणीस महाडला येऊन राहिले आणि इथूनच त्यांनी निजामाशी करार केला. १८०२ साली यशवंतराव होळकरांकडून हडपसरला मार खाल्ल्यावर दुसरा बाजीराव महाडला आला, पुढे समुद्रमार्गे वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला तिथल्या तहावर सही करून बसला. डोंगर ओलांडला की महाडला होडी मिळते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

या बंदराला पहिला धक्का रेल्वेने दिला. १८६३ साली बोरघाटातून गाडी सुरू झाली आणि देशावरच्या मालाची वाट पुणे-मुंबई अशी वळली. पुढच्या दशकात पोलादपूरवरून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट झाला, पण तोवर मोठा व्यापार हातचा गेला होता. दुसरा धक्का नदीनेच दिला, हळूहळू. उतारावरची जंगलं सरपण आणि कोळशासाठी तुटत गेली, दर पावसाळ्यात माती खाली आली आणि पात्र उथळ होत गेलं. मोठी गलबतं महाडपर्यंत येईनात, दासगावला थांबू लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईची बोट पकडायची तर महाडकराला आधी दासगाव गाठावं लागे.

तळं

२५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला पोहोचले ते याच जलमार्गाने. मुंबईहून पद्मावती बोटीने निघालेले बाबासाहेब आणि त्यांची मंडळी खाडीतून दासगावला उतरली आणि तिथून पायी महाडला गेली. सत्याग्रह परिषदेच्या सभेसाठी जागा मिळत नव्हती, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. त्या रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच्या नऊ महिने आधी, २० मार्चला, चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं होतं आणि त्यानंतर गावात मारझोड झाली होती.

या प्रकरणाचा एक भाग सावित्रीची गोष्ट समजायला फार उपयोगी पडतो. सत्याग्रह झाला तेव्हा तळं कागदोपत्री खुलं होतं. सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव मंजूर झाला होता: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यानुसार तळं खुलं केल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण कार्यकर्ते त्यामागे उभे होते. ठराव झाला, पण पाण्याला हात लावायची सोय झाली नाही. दासगावात वाढलेले, पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत गेलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांनी मार्चमधल्या परिषदेची आखणी केली आणि माणसं प्रत्यक्ष तळ्यावर गेली, तेव्हा कुठे त्या ठरावाची परीक्षा झाली. परीक्षा होताच ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. तळं खाजगी आहे असा दावा कोर्टात गेला, आणि तो मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळेपर्यंत १७ मार्च १९३७ उजाडला.

अस्पृश्यतेचा अपमान आणि कारखान्याचं सांडपाणी यांची एका तराजूत तुलना करण्यात अर्थ नाही. पण कारभाराची रीत ओळखीची आहे. महाडला पाण्याविषयीच्या ठरावांची वाण कधीच नव्हती. ठरावापासून पाण्यापर्यंतचं अंतर कोणी चालायचं, हा इथला शंभर वर्षांचा प्रश्न आहे.

१९२८ च्या सुमारास महाड आणि पोलादपूरच्या दरम्यान राजेवाडीजवळ सावित्रीवर दगडी पूल झाला. मोटारींची वाहतूक वाढली, बोटीचं महत्त्व कमी झालं आणि पुढे दासगावचं बंदर नावापुरतं उरलं. नदीकडे शहराने पाठ फिरवली ती तेव्हापासून. बाजार रस्त्याच्या कडेला सरकला, आणि नदीचं पात्र ही घराची मागची बाजू झाली.

वसाहत

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झालं. मुंबईतली गर्दी आणि धूर कमी करायचा तर नवे कारखाने बाहेर न्यायचे, मागास तालुक्यांत जाणाऱ्यांना सवलती द्यायच्या, हे धोरण साठ आणि सत्तरच्या दशकांत पक्कं झालं. कापसाचे उद्योग विदर्भ-मराठवाड्यात जाणार, साखर पश्चिम महाराष्ट्रात. कोकणच्या वाट्याला रसायनं आली. यामागे साधं गणित होतं. इथे पाऊस भरपूर, नद्या बारमाही केल्या जाऊ शकणाऱ्या, मुंबईचं बंदर जवळ, आणि उरलेलं पाणी सोडायला खाडी. रसायनी, पाताळगंगा, थळ, नागोठणे, रोह्याजवळचं धाटाव, मग महाड आणि रत्नागिरी जिल्ह्यात लोटे-परशुराम. नकाशावर पाहिलं तर मुंबईपासून दक्षिणेला एकेका नदीकाठी एकेक वसाहत बसत गेलेली दिसते.

१९८१ साली कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले हे याच सावित्रीच्या खाडीवरच्या आंबेतचे. आपल्या माणसांना मुंबईला जावं लागू नये, गावाजवळ काम मिळावं, ही भावना त्या काळात सर्वपक्षीय होती आणि खोटीही नव्हती. संपात होरपळून परतलेल्या घरांना तर कारखान्याची चिमणी म्हणजे पगाराची खूण वाटली असल्यास नवल नाही.

नव्वदच्या दशकात वसाहत भरली. हायकलने इथे कारखाना टाकला. विनती ऑरगॅनिक्सचा आयसोब्युटिल बेंझिनचा कारखाना १९९२ च्या सुमारास सुरू झाला. जगभर दुखण्यावर, तापावर घेतल्या जाणाऱ्या आयब्युप्रोफेनच्या गोळीचा हा कच्चा माल; आज या मालाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत ही कंपनी मोडते. लक्ष्मी ऑरगॅनिकने ॲसिटाल्डिहाइड आणि ॲसेटिक आम्लापासून सुरुवात केली. सुदर्शन केमिकल्सची रंगद्रव्यं, प्रीवीची सुगंधी रसायनं, शिवाय औषधांचे आणि रंगांचे मधले टप्पे बनवणारे लहानमोठे कारखाने. पाइनच्या झाडापासून मिळणाऱ्या टर्पेंटाइनवर प्रक्रिया करून साबण आणि कपडे धुण्याच्या पावडरीत घालायचा सुवास महाडमध्ये तयार होतो आणि परदेशात जातो. बिरवाडीच्या नाक्यावर संध्याकाळी नाकाला झोंबतो तो वास वेगळा.

उद्योग म्हणून पाहिलं तर महाड यशस्वी आहे, हे मान्य करूनच पुढचं बोललं पाहिजे. ही बंद पडलेली गिरणी नाही. इथला माल जगात खपतो.

आम्ल, मीठ आणि रंग

आता पाण्याकडे. रसायनांच्या कारखान्यातून नेमकं काय बाहेर पडतं ते एका उदाहरणावरून पाहू. कापड रंगवायच्या रंगांसाठी ‘एच ॲसिड’ नावाचा मधला पदार्थ लागतो. तोही या वसाहतीत बनत आला आहे. नॅफ्थॅलिन, म्हणजे डांबराच्या गोळ्यांचंच द्रव्य, तीव्र गंधकाम्लात शिजवायचं, मग त्याचं नायट्रेशन करायचं, चुन्याने आम्ल मारायचं, लोखंडाच्या चुऱ्याने क्षपण करायचं, कॉस्टिकबरोबर दाबाखाली तापवायचं आणि शेवटी पुन्हा आम्ल घालून माल खाली बसवायचा. प्रत्येक पायरीला काही ना काही मागे उरतं: जिप्समचा गाळ, लोखंडाचा काळा गाळ, आणि शेवटी गडद तपकिरी, अत्यंत आम्लधर्मी पाणी. राजस्थानातल्या बिछडी गावात याच पदार्थाच्या कारखान्यांनी विहिरींचं पाणी लाल-तपकिरी करून टाकलं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या खटल्याचा निकाल देताना जे आकडे नोंदवले, त्यांत सुमारे ३७५ टन मालामागे २,४४० टन गाळ आणि हजारो घनमीटर सांडपाणी असा हिशेब आहे. माल एक टन आणि गाळच साडेसहा टन. कारखाना कितीही सचोटीचा असला तरी हे गणित बदलत नाही, फक्त तो गाळ कुठे जातो हे बदलतं.

महाडचा घातक घनकचरा नियमाप्रमाणे तळोज्याच्या प्रक्रिया केंद्रात जायला हवा. सांडपाणी आधी कारखान्याने स्वतः हाताळायचं आणि मग वसाहतीच्या सामायिक प्रक्रिया केंद्रात पाठवायचं. या केंद्रातलं खरं काम जिवाणू करतात. मोठ्या टाक्यांत हवा फुंकली जाते, जिवाणू पाण्यातलं सेंद्रिय द्रव्य खातात, वाढतात, गाळ होऊन तळाशी बसतात. गावच्या मैल्यापाण्यावर ही पद्धत उत्तम चालते. पण पाण्यात मीठ फार आलं, आम्ल जास्त झालं किंवा बेंझिन वर्गातली विषारी द्रव्यं आली, की हेच जिवाणू मरतात आणि टाकी सावरायला बरेच दिवस जातात. शिवाय मीठ आणि रंग यांना जिवाणू खातच नाहीत. म्हणून दहा कारखान्यांनी आपलं पाणी नीट हाताळलं आणि एकाने रात्री कच्चं सोडलं, तरी सामायिक केंद्र सगळ्यांसाठी बिघडतं. सामायिक व्यवस्थेत चोर ओळखू येत नाही, हा तिचा जन्मजात दोष आहे.

सावित्रीला मिळणाऱ्या काळ नदीच्या वरच्या अंगाला, रायगडाच्या मागे, वाळण गावाजवळ एक डोह आहे: वाळणकोंड. डोहात महसीर जातीचे मोठाले मासे आहेत. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं आहे आणि मासे देवीचे मानले जातात. भाविक कुरमुरे टाकतात, मासे थव्याने वर येतात, आणि त्या डोहात कोणी गळ टाकत नाही. महसीर हा मासा स्वच्छ, खळाळत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याखेरीज टिकत नाही. मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकांनी या डोहाची नोंद घेतली आहे. ना प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं, ना तपासनीस; एका श्रद्धेने आणि गावाच्या शिस्तीने तो डोह राखला. तीच नदी खाली बिरवाडीला येते तेव्हा तिच्यासाठी कायदे आहेत, कार्यालयं आहेत, प्रयोगशाळा आहेत.

नळ कुठे सोडायचा

कायद्यांची कमतरता नव्हतीच. महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९६९ मध्ये केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केलं. केंद्राचा कायदा १९७४ साली आला. भोपाळनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. म्हणजे महाडची वसाहत भरली ती हे सगळे ठराव झाल्यानंतर. जुन्या गिरण्यांसारखं ‘तेव्हा कोणाला काय ठाऊक’ असं म्हणायची सोय महाडला नाही.

प्रक्रिया केलेलं पाणी नळाने खाली नेऊन ओवळे गावाजवळ खाडीत सोडलं जातं. खाडीत सोडण्यामागचा तर्क असा, की ओहोटी ते समुद्रात नेईल. पण ओवळ्यापासून समुद्र बराच लांब आहे, आणि ओहोटीने नेलेलं भरती परत आणते. पावसाळ्यात सावित्री दुथडी असते, तेव्हा सगळं वाहून जातं. फेब्रुवारी ते मे वरून येणारं गोडं पाणी नाममात्र असतं, आणि तेच पाणी त्याच पट्ट्यात खाली-वर हिंदोळत राहतं. मासळीची पिलं वाढतात तीही याच उथळ खाजणांत.

दासगाव, वहूर, केंबुर्ली, ओवळे, टोळ या काठच्या गावांत भोई, कोळी आणि मुसलमान मच्छीमारांची घरं होती आणि आहेत. जिताडा, बोय, शिंगाळी, कोळंबी, चिंबोऱ्या, चिखलातल्या निवट्या हा त्यांचा बाजार. मेलेल्या माशांचा खच काठाला लागल्याच्या बातम्या महाडकरांनी अनेकदा वाचल्या आहेत. नमुने घेतले जातात, तोवर एक-दोन भरत्या होऊन गेलेल्या असतात. काठावरच्या माणसाचं म्हणणं आणि प्रयोगशाळेचा कागद यांची गाठ पडत नाही ती इथे.

यावर तोडगा म्हणून नळ आणखी पुढे, आंबेतपर्यंत न्यावा ही मागणी निघाली. ओवळेकरांच्या दृष्टीने ती रास्त आहे. पण आंबेत-म्हाप्रळच्या खालीही गावं आहेत, त्यांचीही जाळी आहेत. घाण कमी कशी करायची याऐवजी ती कोणाच्या दारात ओतायची, असा वाद एकदा सुरू झाला की कारखाना त्यातून अलगद बाहेर पडतो आणि गावं एकमेकांशी भांडत बसतात.

२०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यांतले ५३ महाराष्ट्राचे, राज्यांत सर्वाधिक. दादली ते मुठवली हा सावित्रीचा पट्टा त्यात आहे, पण सर्वांत सौम्य, पाचव्या गटात. हे वाचून हायसं वाटायचं कारण नाही. ही वर्गवारी ‘बीओडी’वर, म्हणजे जिवाणूंनी सेंद्रिय मळ खाताना किती प्राणवायू वापरला यावर केली जाते. शहराच्या मैल्यासाठी हे माप चोख आहे. पण रासायनिक वसाहतीतली जी द्रव्यं जिवाणूंना खाताच येत नाहीत, ती या मापाला दिसत नाहीत. त्या यादीत नदी पाचव्या गटात होती याचा अर्थ एवढाच, की तिच्यात पुण्या-मुंबईच्या नद्यांइतका मैला नव्हता.

दुसरा फसवा दिलासा मगरींचा. दादली ते महाडच्या पट्ट्यात सावित्रीत मगरी आहेत, काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, अभ्यासकांनी त्यांची नोंदही केली आहे. पण मगर नाकाने हवा घेते, पाण्यातला प्राणवायू तिला लागत नाही. वडोद्याच्या विश्वामित्रीत भर शहरातल्या सांडपाण्यात मगरी नांदतात. नदीची तब्येत मगरीवरून ठरत नाही, महसीरवरून ठरते.

पूर, पूल आणि स्फोट

शहराची पडझड पाण्यापुरती राहिली नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण इथे दरडी कोसळून महाड तालुक्यात दीडशेहून अधिक माणसं गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री राजेवाडीचा तो जुना पूल पुरात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि काही मोटारी अंधारात थेट नदीत गेल्या. काही मृतदेह पार समुद्रकिनाऱ्याला लागले. शेजारीच नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला खुला झाला. मनावर घेतलं तर सरकारला सावित्रीकाठी किती वेगाने काम करता येतं, याचा तो पुरावा आहे. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पुन्हा बुडालं. त्याच दिवशी तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही माणसं दगावली. या पुरानंतर पात्रातला गाळ काढण्याची मागणी सरकारला ऐकावी लागली. ज्या गाळाने एके काळी बंदर घेतलं, तो आता बाजारपेठेत शिरत होता.

मधल्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, महाडच्या काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण मेले. ती दहा वर्षांचीही नव्हती.

वसाहतीतल्या दुर्घटनांची यादी वेगळी. एप्रिल २०१८ मध्ये प्रीवी ऑरगॅनिक्सच्या कारखान्यात मोठी आग लागली. ३ नोव्हेंबर २०२३ ला ब्ल्यू जेट हेल्थकेअरमध्ये स्फोट होऊन आग भडकली आणि ११ कामगार गेले. देह ओळखू येण्याच्या पलीकडे होते, डीएनए तपासणी करावी लागली. त्याच कंपनीचा समभाग दोनच दिवस आधी, १ नोव्हेंबरला, शेअर बाजारात दाखल झाला होता. महाडमधली कमाई मुंबईच्या बाजारात मोजली जाते, आणि जोखीम बिरवाडीत राहते.

हिशेब

वसाहत कशासाठी आली होती? माणसं गावात राहावीत म्हणून. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाखांवरून २६ लाखांवर गेली. त्याच दहा वर्षांत महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या घटली. वाढली ती पनवेल-उरणची बाजू. कारखाने भरभराटीत असताना तालुका रिकामा होत गेला. अशा कारखान्यात अवजारं आणि नळ्या जास्त, माणसं कमी. जी लागतात त्यांत पदवीधर बाहेरून येतात आणि बाकी कामं ठेकेदाराकडे जातात. पोलादपूरच्या वाडीतला मुलगा आजही आधी मुंबईचाच विचार करतो.

म्हणून महाडचा निवाडा असा करावा लागतो: उद्योग आले, टिकले, मोठे झाले. त्यांच्यासाठी नदी खर्ची पडली, पण ज्यांच्या नावाने ती खर्ची घातली त्यांचा जाण्याचा रस्ता काही बंद झाला नाही. हा सौदा करताना ओवळ्याच्या किंवा दासगावच्या मच्छीमाराला कोणी विचारलं नव्हतं. त्याची संमती मागणारा रकाना कारखान्याच्या संमतीपत्रात नसतो.

तरीही कायद्याने त्याला एक हक्क दिला आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २५(६) प्रमाणे राज्य मंडळाने प्रत्येक नळाला घातलेल्या अटींची नोंदवही ठेवायची असते, आणि त्या नळाची झळ लागणाऱ्या कोणाही माणसाला ती कामकाजाच्या वेळेत बघायचा अधिकार आहे. कोणत्या कारखान्याला किती पाणी, किती आम्ल, किती रंग सोडायची मुभा आहे ते तिथे लिहिलेलं असतं. दादली पूल, ओवळे, मुठवली इथल्या पाण्याचे नमुने मंडळ नियमित तपासतं, तेही आकडे सार्वजनिक आहेत. हे आकडे मराठीत, दर महिन्याला, खाडीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत. आणि पाण्याबरोबर जिताडा आणि चिंबोरीही तपासली गेली पाहिजे, कारण लोक ‘बीओडी’ खात नाहीत, मासळी खातात.

हे काम मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनाही करता येईल. त्यांच्याकडे शिकलेली मुलं आहेत, वकील आहेत, वर्गणी आहे. गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार ती हौसेने करतात. यंदा एक अर्ज नोंदवहीसाठीही करा, दोघं-तिघं जाऊन ती वाचा, आणि जे वाचलं ते गणपतीत गावी आल्यावर ग्रामसभेत मोठ्याने सांगा.